हंडा कळकला नव्हता

आमच्या हंड्यात आंबील कळकली आणि माणसं पडली, असं आमच्या गावात अजून सांगतात. ते खोटं आहे. हंड्याला कल्हई होती आणि ती चोख होती. मला हे त्याच दिवशी माहीत होतं, तरी मी तोंड उघडलं नाही. त्यात एका माणसाचं नाव गेलं, धंदा गेला, गाव सुटलं. म्हणून हे लिहायला बसलो आहे.

मी दुसरीपर्यंत शाळेत गेलो. ती निजामाच्या वेळची शाळा, अर्धं उर्दू अर्धं मराठी, आणि अर्ध्या वेळा मास्तरच नाही. अक्षर माझं नांगरानं ओढल्यासारखं आहे. नातीनं म्हटलं, आजोबा तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, न्हाई. पाप मी केलं तर बोटं तिनं का दुखवावीत?

आमचं गाव उदगीरहून कर्नाटकाच्या शिवेकडं जाणाऱ्या रस्त्यावर. आमच्याकडं दिवाळीपेक्षा येळवस मोठी. तुम्ही वेळ अमावस्या म्हणता ती. मार्गशीर्ष संपताना येते. त्या दिवशी गावात कुत्रंही राहत नाही, सगळं गाव रानात. कडब्याच्या पेंढ्यांची कोप उभी करायची, आत चुना लावलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. ज्वारीच्या पिठाची आंबील, ताक घालून आंबवलेली. बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, म्हणजे उंडे. रानात जे हिरवं असेल ते सगळं एकत्र शिजवून केलेली भज्जी, हरभरा, तूर, मेथी, कांद्याची पात, हाताला लागेल ते. ज्याला रान आहे त्यानं ज्याला रान नाही त्याला बोलवायचं. हा उपकार नाही. वाटसरू गेला तरी त्याला हाक मारायची आणि जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही.

आमच्या रानात दर वर्षी वीस-पंचवीस पानं उठत. पूजेची, रानात शिंपडायची आंबील मातीच्या बिंदग्यात. ते बिंदगं कुंभाराची म्हातारी द्यायची. आठ दिवस आधी डोक्यावर घेऊन यायची, बोटानं टणटण वाजवून दाखवायची आणि म्हणायची, "घे, बोलतंय." माणसांची आंबील मात्र आजोबाच्या तांब्याच्या हंड्यात. ताकाचं आंबट तांब्याला लागलं की विष होतं, त्याला आम्ही कळकणं म्हणतो. म्हणून दर येळवशीच्या आधी हंड्याला आतून कल्हई लागायची, कथलाचा पांढरा लेप. तो कल्हईवाला माझा सोबती. मुसलमानाचा. त्याच मास्तराच्या छड्या आम्ही दोघांनी खाल्ल्या. मी त्याला भाई म्हणायचो, तो मला अण्णा.

भाई आमच्या अंगणात खड्डा करून भट्टी लावायचा. भाता ओढायचा, हंडा तापला की नवसागर टाकायचा. पांढरा धूर उठायचा, नाकाला झोंबायचा. मग कथलाची कांडी लावून कापसाच्या बोळ्यानं आतून असा एकच हात फिरवायचा की काळा हंडा चांदीचा व्हायचा. मग उन्हात वाकडा करून मला म्हणायचा, "बघा अण्णा, तोंड दिसतंय का?" मी म्हणायचो दिसतंय. तो म्हणायचा, "मग झालं. तोंड कसं हाय त्याला कल्हईचा इलाज न्हाई."

याचे पैसे त्यानं कधी घेतले नाहीत आणि मी कधी विचारले नाहीत. येळवशीला तो बायको घेऊन रानात यायचा, पोटभर जेवायचा, जाताना भज्जीचं भांडं घेऊन जायचा. पण एक गोष्ट लिहिली पाहिजे. मी त्याच्या घरी कधी जेवलो नाही. त्याच्याच नाही, कुणाच्याच. आमच्या घरानं लोकांना खाऊ घातलं, कुणाचं खाल्लं नाही. हे बापानं मला सांगितलं होतं आणि कपाळावरच्या भस्मासारखं मी ते रोज लावून फिरलो.

लातूर जिल्हा नवा झाला तेव्हा आम्हाला वाटलं आता सगळं जवळ आलं. आधी सरकारी कामाला पार उस्मानाबादेला जावं लागायचं. चावडीवर कुणीतरी म्हणालं, जिल्हा जवळ आला, आता पाऊस लांब जाणार. लोक हसले. पुढं दोन-तीन साल लागोपाठ कोरडी गेली तेव्हा हसणारे गप्प झाले. विहिरींचे तळ दिसले. टँकर यायचा, त्याच्यामागं घागरी पळायच्या. रोजगार हमीवर खडी फोडायला सगळं गाव गेलं. भाई गेला, कुंभाराची म्हातारी गेली, तिचा पोरगा गेला. मी गेलो नाही. ज्याच्या रानात लोक जेवतात त्यानं हातोडा घेऊन बसावं, हे मला पटेना. माझी बायको गेली. तोंडावरून पदर ओढून शेजारच्या गावच्या कामावर, आपल्या गावच्या कुणी बघू नये म्हणून. तिच्या हाताला फोड आले त्यावर मी घरी बसून जेवलो. अभिमान कशाचा धरावा याचंही मला धड कळत नव्हतं.

त्या साली रानात काहीच आलं नाही. काळी भुई, पाय जाईल अशा भेगा. घरात खायला कुपनाचा गहू होता. ज्वारी म्हणून होती ती फक्त बियाण्याची. आजोबापासून चालत आलेली आमच्या रानची दगडी ज्वारी, पत्र्याच्या डब्यात.

माझी आई बी कणगीत ठेवायची. राख चोळायची, कडुलिंबाचा पाला घालायची, वरून शेणानं लिंपायची. अडीनडीला तेच बी दोन पाण्यांनी धुवून आम्ही खाल्लंही होतं. आई गेली आणि राख चोळायला कुणाला वेळ राहिला नाही. मी उदगीरच्या बाजारातून किडीची पावडर आणली, कागदात बांधलेली सुटी. दुकानदार म्हणाला होता, बियाण्यालाच लावा, खायच्या धान्याला नको, आणि हात धुवा. मी ऐकलं. वर त्यानं सांगितली त्याच्या दुप्पट लावली. एका मुठीनं किडा मरतो तर दोन मुठींनी त्याचा बापही मरेल, असा माझा हिशेब.

येळवस आठ दिवसांवर आली. भाईनं हंड्याला कल्हई केली. हात काढताना तो म्हणाला, "अण्णा, यंदा ज्वारी कुठली?"

मी म्हटलं, बघू.

"माझ्याकडं कुपनाची ज्वारी हाय. खडीवर मिळाली ती. चार पायल्या निघंल. वैनीला दळू द्या."

"रेशनची ज्वारी माझ्या रानात शिंपडू? पांडवांना काय सांगू, सरकारचं खा म्हणून?"

तो हसला. "पांडव बी बारा साल वनात व्हते. त्यांनी काय काय खाल्लं ते कुणी विचारलं का?"

"खाल्लं असंल. मी न्हाई घालणार. आंबील आपल्या रानच्याच ज्वारीची."

तो उठला. भाता गुंडाळला आणि गेला. ती चार पायल्या ज्वारी घेतली असती तर हे पान लिहायची वेळ आली नसती.

मी बियाण्याचा डबा काढला. बायको म्हणाली, "आवं, ती पावडर लावल्याली हाय. धुवून जाईल का?" मी म्हटलं, राख जाते तर पावडर का जाणार नाही. तिचा हात नीट लागणार नाही म्हणून मी स्वतः धुतली. राखेला दोन पाणी लागतं, पावडरीला चार देऊ, असं ठरवलं. पण टँकर दोन दिवसांआड, घागरी मोजक्या. तिसरं पाणी झाल्यावर तिनं घागरीवर हात ठेवला, प्यायला काय राहील म्हणाली. मी तिथंच थांबलो. धुतलेलं पाणी अंगणाच्या कडेला ओतलं. थोड्या वेळानं बघितलं तर तिथल्या मुंग्या मरून पडलेल्या. पाण्यात मुंग्या मरतातच, असं मी मनाला सांगितलं. ज्वारी धोतरावर वाळवली आणि गिरणीतून दळून आणली.

तो दिवस तुम्हाला कसा सांगू. मागच्या सालच्या कडब्याची कोप उभी केली, तिच्यातून आभाळ दिसत होतं. हिरवं काहीच नव्हतं, भज्जी वाळल्या शेंगदाण्याची आणि बाजारच्या तुरीची. तरी पंचवीस माणसं आली. त्या साली पोटभर खायला कुणी बोलवत नव्हतं, म्हणून दोन-चार जास्तच आली. मी बिंदगं घेऊन रानाच्या कडेनं आंबील शिंपडत फिरलो, आरोळी दिली, लोकांनी साथ दिली. मला वाटलं, दुष्काळाला मी हरवलं.

हंड्यातली आंबील मी माझ्या हातानं वाढली. कुंभाराची म्हातारी दोन वाट्या प्याली आणि तिनं तिसरी मागितली. म्हणाली, "यंदा कडवट लागती रं, पर घे, थंड हाय." भाई दोन प्याला. घरच्यांनी शेवटी जेवायचं, तोवर हंडा संपला. बिंदग्यात शिंपडून वाटीभर उरली होती. ती मी बायकोला दिली. खडी फोडून तिचा जीव गेलाय, हिनं प्यावी, असं वाटलं. मी एक उंडा खाल्ला.

ऊन डोक्यावरून कलत होतं. बाया भांडी गोळा करत होत्या. पहिल्यांदा म्हातारीचा हात थरथरायला लागला. ती हसून म्हणाली, थंडी वाजती. मग तिची दातखीळ बसली आणि ती कोपीच्या तोंडाशीच आडवी झाली, टाचा भुईला घासू लागल्या. तिच्याकडं धावलो तर मागं दोघं ओकत होते. भाई बांधाला धरून उभा होता, तोही गुडघ्यावर आला. मग माझी बायको. पंचवीसातली नऊ-दहा माणसं तेवढ्यात पडली.

कुणीतरी म्हणालं, "कळकली. आंबील कळकली." तो शब्द बोलता बोलता रानभर झाला. बायांनी हंडा पालथा केला, त्याला शिव्या दिल्या. मी बायकोचं डोकं मांडीवर धरून बसलो होतो. ती हंड्यातलं काही प्यालीच नव्हती. ती मातीच्या बिंदग्यातलं प्याली होती. मला तिथंच कळलं.

खडीच्या कामावरचा ट्रक आला, त्यात सगळ्यांना घातलं. उदगीरहून चौघांना लातूरला पाठवलं, म्हातारी, भाई, माझी बायको आणि आमच्या गल्लीतला एक गडी. मी आणि म्हातारीचा पोरगा बरोबर होतो. सरकारी दवाखान्यातला डॉक्टर जवान पोरगा होता, तो मला नीट बोलला. काय खाल्लं, किती वेळ झाला, कशात केलं होतं, सगळं विचारलं. म्हातारीचा पोरगा माझ्या मागून म्हणाला, तांब्याच्या हंड्यात. डॉक्टरानं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मग माझ्याकडं बघून विचारलं, "धान्याला काही औषध लावलं होतं का? पावडर वगैरे?"

मी म्हणालो, "न्हाई."

त्यानं पुन्हा विचारलं, आठवून सांगा. मी पुन्हा न्हाई म्हणालो.

का म्हणालो याची मी लई वर्षं कारणं शोधली. घाबरलो असं म्हणता येईल. पण खरं सांगायचं तर मी घाबरलो नव्हतो. मागं म्हातारीचा पोरगा उभा होता. पाहुण्यांना मी पावडरीचं बियाणं घातलं, कारण माझ्या घरात दुसरी ज्वारी नव्हती, हे त्याच्यासमोर माझ्या तोंडातून निघेना. ज्वारी नव्हती, हे म्हणणं मला जड गेलं. विषापेक्षा ते जड गेलं.

म्हातारी दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. हो म्हणालो असतो तर ती वाचली असती का, ते मी कुणाला विचारलं नाही. अजूनही विचारलेलं नाही.

गावात परतलो तेव्हा उरलेलं बी मी बांधाला खड्डा करून पुरलं. पंचनाम्याला लोक आले तेव्हा दाखवायला एक रिकामा हंडा होता. आमच्या आजोबाची ज्वारी त्या खड्ड्यात संपली. पुढच्या पेरणीला मी पिशवीचं बी विकत आणलं, आणि आपल्या रानची ज्वारी असं म्हणायचं माझ्याकडं पुन्हा काही राहिलं नाही.

बायको बरी होऊन आली. चुलीपुढं बसली आणि म्हणाली, "म्या हंड्यातली न्हाई प्याले."

मी म्हटलं, "गप."

तिनं हंडा उचलून माळवदाच्या कोपऱ्यात पालथा घातला आणि त्यावर पोतं टाकलं.

तोवर गावानं ठरवून टाकलं होतं. कथील महाग झालं, म्हणून कल्हईवाल्यानं शिसं मिसळलं. तो स्वतः दोन वाट्या प्याला होता, झटके येऊन पडला होता, हे कुणी धरलं नाही. कुणी म्हणालं, त्याला तरी काय माहीत शिसं एवढं चढंल. म्हातारीच्या पोरानं कुऱ्हाडीनं त्याचा भाता फोडला. घरोघरची भांडी त्याच्याकडं होती ती बायांनी तशीच काळी परत नेली.

भाई आठ दिवसांनी चावडीवर आला. अंगात जीव नव्हता, भिंतीला धरून उभा राहिला. दहा-बारा माणसं बसली होती, मीही होतो. तो दुसऱ्या कुणाशी बोलला नाही.

"अण्णा, हंडा तुमचा. लहानपणापासनं बघताय. तुम्हीच सांगा, माझी कल्हई कशी व्हती?"

सगळे माझ्याकडं बघत होते. एक शब्द पुरला असता.

मी म्हणालो, "आता म्या काय सांगू भाई. मला त्यातलं काय कळतंय."

त्यानं भिंतीवरचा हात काढला. मग म्हणाला, "बरं." दुसऱ्या महिन्यात बायको आणि ट्रंक घेऊन नांदेडच्या यष्टीत बसला. तिकडं त्याचा मेव्हणा होता.

पुढं काय झालं ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढं आहे, पण कुणी याच्याशी जोडत नाही. गावात कल्हई करणारा राहिला नाही. तांब्या-पितळेची भांडी आतून हिरवी पडली, वजनावर मोडीत गेली, जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, आली. येळवशीला लोक एकमेकांच्या रानात जायचे ते कमी झाले. गेले तरी आंबील म्हटलं की वाटीवर हात आडवा धरायचे, नुसता उंडा खायचे. दुष्काळ हटला, पाऊस पडला, तरी तो हात आडवाच राहिला. म्हातारीचा पोरगा मात्र माझ्याकडं दर वर्षी यायचा. मी त्याच्या आईला लातूरला घेऊन गेलो होतो, म्हणून तो मला मानायचा. माझ्या हातचं वाढून घ्यायचा आणि जेवता जेवता कल्हईवाल्याला शिव्या द्यायचा. मी त्याला आणखी वाढायचो.

असं पंधरा-सोळा वर्षं चाललं. बायको त्या सगळ्या वर्षांत एकदाही रानात जेवली नाही. सैपाक करायची, वाढायची, घरी येऊन कोरडी भाकर खायची. मला टोचून कधी बोलली नाही. शेवटच्या आजारात एकदा दुपारी मी तिला पेज पाजत होतो, तेव्हा वाटी बाजूला सारून म्हणाली, "म्या गेल्यावर हे ठावं असणारे तुम्ही एकलेच राहाल."

बास, एवढंच. चार दिवसांनी ती गेली.

तिचं सगळं उरकल्यावर मी कोपऱ्यातलं पोतं काढलं, हंडा त्यात घातला आणि मुखेडवरून नांदेडला गेलो. जुन्या नांदेडात दोन दिवस विचारत फिरलो. तो एका गल्लीच्या तोंडाशी बसला होता, स्टो दुरुस्त करत. दाढी पांढरी, उजवा हात थोडा हलत होता. मला बघून त्यानं बसायला पोत्याचा तुकडा सरकवला. म्हणाला, "अण्णा." जसं काही कालच भेटलो होतो.

मी सगळं सांगितलं. पावडर, तीन पाणी, मुंग्या, बिंदगं, डॉक्टर. तो एका स्टोचा पंप खोलून वायसर बसवत होता, ते काम त्यानं सोडलं नाही. माझं झाल्यावर म्हणाला, "मला ठावं हाय."

"कवापासनं?"

"शिसं माझ्या भट्टीत कधी आलं न्हाई, एवढं मला ठावं व्हतं. मग राहिलं काय? हंडा सोडला तर ज्वारी. ज्वारी तुमची."

"मग बोलला का न्हाईस?"

"माझं कोण ऐकत व्हतं? तुमचं ऐकत व्हते. म्हणून तर चावडीवर तुम्हाला विचारलं."

तेवढ्यात त्याची बायको घरून डबा घेऊन आली. तिनं मला ओळखलं, पदर सावरला आणि डबा ठेवून गेली. त्यानं डबा उघडला. ज्वारीची भाकर आणि लसणाचा ठेचा. मी आयुष्यात कुणाकडं खायला मागितलं नव्हतं. म्हणालो, "भाई, मलाबी एक भाकर दे."

त्यानं डबा पुन्हा लावला.

"न्हाई अण्णा. त्या साली माझी ज्वारी तुमच्या रानात चालली न्हाई. आता भाकर मागायची तर आधी तिकडं सांगून या. माझं नाव तिकडं पडलंय, नांदेडात न्हाई."

मी उठलो. हंडा उचलायला वाकलो तर म्हणाला, "तो राहू द्या." मी उपाशी यष्टीत बसलो. राग आला होता, खोटं कशाला सांगू. देगलूर नाका जाईपर्यंत मी त्याला मनात शिव्या देत होतो. नंतर त्या थांबल्या.

त्या वर्षीच्या येळवशीला मी म्हातारीच्या पोराच्या दारात जाऊन त्याला बोलावून आणलं. लातूरहून माझ्या मुलाचे चार मित्र मोटारसायकलींवर आले होते, गल्लीतले जुने दहा-बारा जण होते. पानं वाढून झाली आणि मी उभा राहिलो. जेवण थांबवून सांगायचं होतं, पण लोक जेवतच होते. सांगितलं. भज्जीचा वास येत होता, तरी सांगितलं. कल्हई चोख होती. ज्वारी माझी होती, पावडर मी लावली होती.

माझा मुलगा खाली मान घालून म्हणाला, "आई गेल्यापासून अण्णांचं असंच चाललंय." त्याचे मित्र गालात हसले. एक जुना गडी म्हणाला, झालं गेलं, आता उकरून काय, जेवा. माझं म्हणणं भज्जीबरोबर गिळून टाकायला ते सगळे तयार होते.

म्हातारीचा पोरगा तेवढा जेवायचा थांबला होता. हातातला घास त्यानं पत्रावळीवर ठेवला.

"डाक्टरनं तुम्हाला विचारलं व्हतं. म्या मागं उभा व्हतो. दोनदा विचारलं."

मी म्हणालो, "हाव."

तो उठला. घागरीतून पाणी घेऊन हात धुतला, कोपरापर्यंत धुतला, आणि बांधाबांधानं निघून गेला. त्यानंतर तो माझ्याशी बोललेला नाही. रस्त्यात दिसला तर वाट बदलतो. त्याचं बरोबर आहे.

संक्रांत होऊन पंधरा-वीस दिवस झाले असतील. सकाळी दार उघडलं तर ओट्यावर पोतं. आत हंडा, आतून पांढरा, तोंड दिसेल असा. गल्लीतल्या बायांकडून कळलं, म्हातारीचा पोरगा दोन दिवस नांदेडला जाऊन आला. कुणाकडं गेला, काय बोलणं झालं, कोण रडलं, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारायला गेलो नाही. एवढंच म्हणतो, भाईनं पुन्हा भट्टी पेटवली होती. हलत्या हातानं ती कल्हई कशी बसली असेल कोण जाणे. एका जागी, बुडाशी, बोळा दोनदा फिरलेला दिसत होता. आधी त्याचा हात कधी दोनदा फिरत नव्हता.

भाकर मागायला मी पुन्हा गेलो नाही. सांगून या म्हणाला होता, मी सांगितलं होतं, तरी गेलो नाही. सुगी झाली की जाऊ, असं म्हणत राहिलो. खरं म्हणजे तो पुन्हा डबा लावेल याची धास्ती होती. तिसऱ्या साली कळलं की तो गेला.

नाव मी इथं कुणाचं लिहिलेलं नाही. आमच्या गावचा माणूस वाचेल त्याला सांगावं लागणार नाही.

हंडा अजून वापरतो. आंबील बाजारच्या ज्वारीची असते, कुठल्या रानची आहे मी विचारत नाही. आता कल्हई झिजली, तांबडं दिसायला लागलं. करणारा उदगीरलाही मिळत नाही, म्हणून आत मातीचं बिंदगं ठेवून त्यात आंबील ओततो. येळवशीला पहिली वाटी मीच पितो. मग पत्रावळी मांडू देत नाही. कोपीपुढं बसून राहतो, ऊन हातभर सरकेपर्यंत. पोरं भुकेली होतात, सुना कुरकुरतात, नात म्हणते आजोबा, काय होत नाही, वाढा ना. मी हात पुढं करून बघतो, थरथरतोय का. या वयात तो थोडा थरथरतोच. मग मी आणखी थोडा वेळ बसतो.